बंद खाजणाची मोजणी

डनेडिन, ६ मार्च १९९४

ती. तोरिका आत्यास,
उनाइसीचा सा. न. वि. वि.

पोचले. तीन विमानं बदलली. त्यातल्या एकात ओकले, तेवढं गावभर सांगत फिरू नकोस. एका टेकडीवर ड्रीव्हरबाई म्हणून आहेत, त्यांच्या घरात खोली मिळालीय. चढ असा उभा, की आपल्या बकऱ्यासुद्धा दोनदा विचार करतील. बाईंनी अंथरुणात घालायला विजेची चादर दिली. वीज पाठीखाली घेऊन झोपायचं कसं, म्हणून मी ती दोन दिवस खुर्चीवर घडी करून ठेवली. तिसऱ्या दिवशी लाज सोडली. हा इथला उन्हाळा आहे म्हणे.

माझ्या मार्गदर्शक प्रोफेसर लॉरी. वयाने तुझ्याएवढ्या, आणि म्हणतात मला नावाने हाक मार. माझी जीभ वळत नाही. मग मी काहीच हाक मारत नाही, त्या बघेपर्यंत दारात उभी राहते. पहिल्या दिवशी सगळी मोठी माणसं बसलेली, त्यांच्या पुढून जायचं होतं, म्हणून मी आपली रीतीने कमरेत वाकून, तुलोऊ तुलोऊ अशी माफी पुटपुटत गेले. संध्याकाळी वर्गातल्या एका मुलीने पाठीला चोळायचं मलम आणून दिलं.

आता कामाचं. मी निघायच्या आधी बाबांनी खाजणात काठ्या रोवून दहा जागा आखल्यात, त्या तुला ठाऊक आहेत. दर पंधरा दिवसांनी मोठ्या ओहोटीला प्रत्येक जागी बांबूची चौकट टाकायची, आतल्या शिंपल्या मोजायच्या, परत पुरायच्या आणि आकडे मला कळवायचे. ऑगस्टअखेर पाच जणांची समिती हे आकडे बघणार आणि मी पुढे शिकायचं की घरी जायचं ते ठरवणार. माझं सगळं चिखलात शिंपल्या चाचपणाऱ्या तुझ्या पायाच्या बोटांत आहे, आत्या.

बाबांना नमस्कार. माझ्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझी उनाइसी

*

वाइकेले, कंडावू बेट, २७ मार्च १९९४

चि. उनाइसीस,
आत्याचे अ. आ.

ओकल्याचं कुणाला सांगितलं नाही. फक्त पाद्रीणबाईंना सांगितलं, म्हणजे आता मला सांगायची गरज नाही.

विजेच्या चादरीचं वाचून तुझे बाबा दोन दिवस हसतायत. मला म्हणाले, तोरिका, तुझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, तुलाही एक मागवू का. मी म्हटलं मागव, निदान ती घोरणार तरी नाही.

मोजणी केली. तू दिलेल्या कागदावर दहाच्या दहा आकडे लिहिलेत, सोबत आहेत. गुडघाभर चिखलात वाकून मी बोटांवर मोजतेय आणि बाया विचारतायत, खायच्या नाहीत तर काढतेस कशाला. मी सांगितलं, विद्यापीठाने शिंपल्यांची शिरगणती काढलीय, पुढच्या वर्षी मतदान आहे.

तू तिथे वाकून चालणं सोडू नकोस. मलम साठवून ठेव, मला लागेल.

बाबांनी खाली दोन ओळी लिहिल्यात. तुला वाचता आल्या तर काय लिहिलंय ते मलाही कळव.

तुझी लाडकी (दुसरी आहे कोण?) आत्या

*

डनेडिन, १० एप्रिल १९९४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बाबांच्या ओळी लागल्या. ‘जेव. थंडीत डोकं झाक.’ एवढंच आहे.

आत्या, मला इथं जमत नाहीये. हसू नकोस. दर मंगळवारी सगळे एका टेबलाशी बसतात आणि प्रोफेसरबाई बोलल्या की लगेच त्यांचं खोडून काढतात. जो जास्त खोडतो तो हुशार. मी मान खाली घालून ऐकते. परवा बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, की तुला कळतंय ना. मी भुवया वर केल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा केल्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. घरी आल्यावर उमगलं, की इथे त्याचा अर्थ ‘हो’ होत नाही.

दिवसभरात मी ‘सुप्रभात’ आणि ‘आभार’ एवढंच बोलते. जेवताना अंगात कोट असतो. एकटीच जेवते. शेजारच्या खोलीतली मुलगी आपलं ताट घेऊन आत जाते आणि दार लावून घेते, आणि मला आपलं वाटत राहतं की माझ्या हातून काहीतरी घडलं असणार. आपल्या बेटांवरचं इथे कुणी नाही.

मला घरी यायचंय. शिष्यवृत्तीचा नियम आहे, दोन आठवड्यांवर गैरहजर राहिलं तर ती बंद. होऊ दे. बाबांना विचार, त्यांनी ये म्हटलं तर पुढच्या विमानाने निघते. एकदा आले की परत जाणार नाही, हेही सांग त्यांना.

रागावू नकोस, मला जवळ धर.

उनाइसी

*

वाइकेले, १५ मे १९९४

चि. उनाइसीस अ. आ.

यायचं नाही. बाबांचंही तेच म्हणणं आहे. गळ लागून त्यांचा हात सुजलाय म्हणून या खेपेला त्यांच्या ओळी नाहीत.

अगं, मला सहावीतून काढून खाजणात पाठवलं, तेव्हा मीही आठ दिवस रडले होते. चिखलात रडायचं एक बरं असतं, तोंडाला काय लागलंय ते कुणी विचारत नाही. तू कागदावर रड, वाळतं. बाई विचारतील तेव्हा तोंड उघडून ‘हो’ म्हण. भुवयांना सुट्टी दे. आणि त्या शेजारणीचं दार वाजव, हातात कसलं तरी कालवण घेऊन. दार लावणाऱ्या माणसाला भूक लागत नाही, असं मी अजून पाहिलं नाही.

इथे सगळं नेहमीसारखं. सोमवारी टिनातली मासळी, बुधवारी टिन, शुक्रवारी ओढ्यातली कोळंबी, आणि काल पुन्हा टिनातली मासळी लोलोत शिजवली, नारळाच्या दुधात काय चांगलं लागत नाही. नवीन दोन मोजण्यांचे आकडे सोबत. शिंपल्या खुशाल आहेत, तुला विचारतायत.

मन घट्ट कर आणि या थेरडीला विसरू नकोस.

आत्या

*

डनेडिन, ५ जून १९९४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

कालवण घेऊन दार वाजवलं. शेजारणीचं नाव ब्रिजिट. ती म्हणाली, तिला वाटायचं मलाच एकटं राहायला आवडतं. आता रविवारी आम्ही एकत्र जेवतो. हे तुझं खरं निघालं.

पण दुसरं एक आहे. शुक्रवारी प्रोफेसरबाईंनी तुझे सगळे कागद टेबलावर मांडले. मेमधल्या दोन्ही मोजण्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, दहा चौकटी, आणि एकीतही शून्य नाही. एकही आकडा फारसा घसरलेला नाही. खाजण असं वागत नसतं, मोजणारा असं लिहितो. मी उभी राहिले. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर बोलले, की माझी आत्या खोटं लिहिणार नाही. मोठ्याने बोलले. त्या म्हणाल्या, छान, आता हे सिद्ध कर, नाहीतर समितीपुढे मी तुझ्या बाजूने बोलू शकणार नाही.

खोलीवर येऊन मी तुझी पत्रं काढली, त्यांना दाखवायला. आत्या, मेच्या अख्ख्या पत्रात ताज्या मासळीचा एक काटासुद्धा नाही. टिन, टिन, ओढ्यातली कोळंबी, पुन्हा टिन. आपण मासेमारांचं घराणं. आपल्या घरी टिन कधी उघडतो ते मला ठाऊक आहे. समुद्र बंद केला की. आणि समुद्र बंद कशाने होतो तेही ठाऊक आहे.

बाबांचा हात सुजून तीन आठवडे तरी झाले. डाव्या हाताने एक रेघ तरी ओढायला सांग. नुसती रेघ.

वाट बघतेय.

उनाइसी

*

वाइकेले, २६ जून १९९४

चि. उनाइसीस,

तुझे बाबा गेले. २८ एप्रिल, गुरुवारी, दुपारी. आठ दिवस ताप होता, छाती भरली. दवाखान्यातली नर्स शेवटपर्यंत बसून होती.

घराण्याचा प्रमुख गेला म्हणून रीतीप्रमाणे शंभर रात्री खाजण आणि खडक बंद केले. काठीला नारळाची झावळी बांधून पाण्यात रोवलीय. त्या दिवसापासून तिथे एकीचाही पाय पडलेला नाही, माझाही नाही. सख्ख्या भावाच्या नावाने बंद केलेल्या पाण्यात उतरू कशी? तिकडे तुझा कागद रिकामा. मग मी चुलीपाशी बसून आकडे लिहिले. मार्चच्या खऱ्या आकड्यांत कुठे एक मिळवला, कुठे एक काढला. शून्याचं म्हणशील, तर मार्चमध्येसुद्धा सातव्या चौकटीत काही नव्हतं, मी चार लिहिले. परक्या माणसापुढे रिकामी टोपली उघडी करायची नाही, हे मला आईने शिकवलंय. तुझ्या बाईंना असं वाटायला नको, की उनाइसीच्या गावात काही पिकत नाही.

रेडिओवर मयताची बातमी दिली, तेव्हा तुझं नाव घेऊ नका म्हणून मीच सांगितलं. बाबांनीच मला शपथ घातली होती, की पोरीला परीक्षा होईपर्यंत कळवायचं नाही. मरणाऱ्याचा शब्द, मोडता येईना.

पुढे सुचत नाही.

आत्या

*

डनेडिन, १२ जुलै १९९४

ती. आत्यास,

पत्र ब्रिजिटबरोबर वाचलं, म्हणजे मी एकेका ओळीचा अर्थ तिला सांगत गेले आणि तिने मला धरून ठेवलं. तिकडे बाबांच्या दुखवट्याची दहावी रात्र झाली, चटया घातल्या, गाव जेवलं, आणि मी इथे विजेच्या चादरीवर बसून चारच्या जागी पाच कशा वाढल्या याचा तक्ता काढत होते. मेलेल्या बापाच्या बंद पाण्याचा तक्ता.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः प्रोफेसरबाईंकडे गेले. दारात उभी राहिले नाही, आत जाऊन बसले. सांगितलं, की मेपासूनचे सगळे आकडे खोटे आहेत, आधीचा सातवाही खोटा, आणि का ते सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, की खोटे कागद फाडायचे. पण शंभर दिवस कुणाचा पाय न लागलेलं खाजण कुठल्याही संशोधकाला मागून मिळत नाही. समुद्र उघडेल त्या ओहोटीला, गावाचा पाय पडायच्या आधी, एक खरी मोजणी व्हायला हवी. आत्या, तुझ्याशिवाय आणखी दोघांच्या सह्या हव्यात. ती २९ ऑगस्टच्या आत पोचली तर त्या समितीपुढे माझ्यासाठी उभ्या राहतील. नाही पोचली तर मी सप्टेंबरमध्ये घरी.

मला राहायचंय की नाही, ते मलाही कळत नाही. पण खोट्यापायी हाकललं जायचं नाही. बाबांनी आखलेल्या जागा आहेत त्या.

तुला माफ केलंय. बाबांचीच इच्छा होती म्हणून. तू आपल्या मनाने लपवलं असतंस, तर जन्मात तुझ्याशी बोलले नसते.

शून्य असेल तिथे शून्य लिही.

उनाइसी

*

वाइकेले, ८ ऑगस्ट १९९४

चि. उनाइसीस अ. आ.

शनिवारी समुद्र उघडला. अख्खं गाव टोपल्या आणि जाळी घेऊन काठावर, शंभराव्या रात्रीच्या जेवणाला मासळी हवी म्हणून सगळ्यांचे पाय शिवशिवत होते. गावप्रमुखांपुढे मी रीतीप्रमाणे व्हेलचा दात ठेवला आणि एक ओहोटी मागितली. ते म्हणाले, आत्तापर्यंत शिंपल्यांसाठी कुणी असं मागितलं नाही. मी म्हटलं, शिंपल्यांसाठी नाही, माझ्या भावाच्या, इलाइतियाच्या पोरीसाठी. त्यांनी होकाराची मान हलवली. बाया कुरकुरल्या, तेव्हा मी सांगितलं, जिचा पाय आधी चिखलात पडेल, तिने एकसष्ट साली देवळामागे कुणाला डोळा मारला ते मी आज जेवताना सांगणार. एकीनेही पाऊल टाकलं नाही. बघ, सगळ्यांनीच मारला होता.

पाद्रीणबाई आणि नर्स माझ्याबरोबर उतरल्या. दोघींच्या सह्या आहेत, पाद्रीणबाईंच्या सहीवर चिखल आहे. आकडे असे: पहिली एकतीस, दुसरी सव्वीस, तिसरी शून्य, चौथी त्रेचाळीस, पाचवी अडतीस, सहावी एकोणीस, सातवी शून्य, आठवी बावन्न, नववी सत्तेचाळीस, दहावी सात. शून्य लिहिताना हात अडला. पाद्रीणबाई म्हणाल्या लिही, मग लिहिलं. हा कागद उद्याच्या बोटीने नर्सबाई स्वतः सुवाला नेतायत, तिथून विमानाच्या टपालात टाकतील. वेळेत पोचेल.

हे पत्र त्याच पाकिटात घालतेय. आकडे खरे लिहिले आणि खाली पुन्हा तेच खोटं ठेवलं, तर तो कागद बाटेल, म्हणून लिहिते.

तुझ्या बाबांनी मला कसलीही शपथ घातली नाही. तुझं १० एप्रिलचं पत्र आलं तेव्हा त्यांना ताप चढून तीन दिवस झाले होते. ते मी त्यांना वाचून दाखवलंच नाही. त्यांनी दोनदा सांगितलं, उनाइसीला बोलव. पहिल्यांदा सोमवारी, नर्ससमोर. दुसऱ्यांदा बुधवारी, माझा हात धरून. दवाखान्यात रेडिओ-फोन आहे, मला चालत दहा मिनिटं. मी गेले नाही. त्यांना सांगितलं, कळवलंय, निघालीय. ते दाराकडे बघत राहिले.

तू लिहिलं होतंस, एकदा आले की परत जाणार नाही. ते मी वाचलं होतं. तू आली असतीस, त्यांना माती दिली असतीस, मग माझी टोपली उचलली असतीस, आणि चाळिसाव्या वर्षी माझ्यासारखे वाकडे पाय घेऊन खाजणात उभी राहिली असतीस. मला ते बघायचं नव्हतं. तुझ्या बापाची शेवटची इच्छा मोडून मी तुला तिथे ठेवलं. पुन्हा तीच वेळ आली तर काय करेन, ते मी सांगत नाही, कारण आता खरंच सांगावं लागेल.

माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलंस, तर तसं कर. पण समितीपुढे जा. मान वर ठेवून बस आणि विचारतील त्याचं उत्तर दे.

मोजणी दर पंधरा दिवसांनी येत जाईल, दोघींच्या सह्यांनिशी. तुझं पत्र आलं नाही, तरी येईल. लोभ मागायला मला तोंड उरलं नाही, तुझा तू ठरव.

तोरिका