साचा म्हणून नेलेलं लाकूड

लॉस्ट फोर्क, केंटकी
रविवार, ता. ११ मार्च १९७९
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे

ती. स्व. होबार्टमामा यांस,
वर्लिनचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा मी पिस्तुलाच्या नळीला कंदिलाची काजळी फासत होतो. हात दोनदा साबणाने धुतले, तरी वरच्या कोपऱ्यात अंगठा उमटलाच आहे. क्षमा असावी.

तुम्ही पाठवलेलं पिस्तुलाचं किट गुरुवारी पोस्टाने आलं. कागदावरच्या यादीशी सगळं ताडून पाहिलं. आठ पैलूंची नळी, घोडा आणि चकमकीची कळ, पितळेचे तीन तुकडे, सोळा स्क्रू आणि दस्त्यासाठी, म्हणजे मूठ आणि नळीची खाच मिळून एकाच तुकड्यासाठी, अक्रोडाचं अर्धवट कोरलेलं लाकूड. एवढं महाग काही आजवर माझ्या नावाने आलेलं नाही. आई म्हणाली की होबार्टने स्वतःसाठी घेतलं असणार, हात थरथरतात म्हणून भाच्याच्या गळ्यात मारलं. मी तिला म्हटलं की तीस वर्षं कारखान्याच्या प्रेसवर काढल्यावर कुणाचेही थरथरतील. त्यावर ती म्हणाली की तो लहानपणीही चमच्यातून सूप सांडायचा.

काम तुम्ही फोनवर सांगितलं तसंच चाललं आहे. नळीला काजळी लावायची, लाकडात दाबायची, जिथे काळं उमटेल तेवढंच खरवडायचं, पुन्हा दाबायचं. आजवर एकवीस वेळा केलं. सॉमिलमध्ये आम्ही लाकूड फुटाने मोजतो, इथे केसाने मोजावं लागतं, आणि मला तेच आवडतं. आठवीत शाळा सुटली तेव्हा मास्तर म्हणाले होते की या पोराला घाई नाही हा एकच गुण आहे.

सप्टेंबरात आपल्या जुन्या बंदुकांच्या क्लबचा मेळा आहे. तिथल्या ‘स्वहस्ते’ टेबलावर हे ठेवायचं ठरवलं आहे. तुम्ही यायलाच हवं.

लोरीनमामींना नमस्कार. माझ्यावर लोभ असू द्यावा.
तुमचा भाचा,
वर्लिन


हॅमिल्टन, ओहायो
ता. २ एप्रिल १९७९

चि. वर्लिन यास अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. काय रे हे अक्षर! तुझी मामी म्हणाली की कुणा वकिलाची नोटीस आली. शब्दकोश मांडीवर घेऊन बसतोस ना अजून? बस, बस. आमच्या घराण्यात कुणीतरी शुद्ध लिहिणारा हवाच.

आता कामाचं. एकवीस वेळा काजळी लावलीस हे मी दोनदा वाचलं. माणूस घाईने चुकतो असं सगळे सांगतात, पण तुझ्यासारखा चुकतो तो काळजीने. आणखी एकदा, फक्त एकदाच, असं म्हणत म्हणत खाच एवढी मोठी होते की नळी आत खुळखुळते. सगळीकडे थोडं थोडं काळं उमटलं की हात उचल आणि बाहेर जाऊन तंबाखू थुंक. तू खात नाहीस, तर नुसता थुंक.

काही अडलं तर डेल्फाकडे जा. तिचा नवरा एस्टिल फ्यूगेट गेला त्याला दीड वर्ष झालं, पण त्याची कोरायची हत्यारं तिने कुणाला दिलेली नाहीत. त्या डोंगरात त्याच्यासारखा दस्ता कोरणारा नव्हता. त्याने टेबलावर मात्र कधी काही ठेवलं नाही. म्हणायचा की पूर्ण झालं की ठेवीन, आणि पूर्ण झालं असं त्याला कधी वाटायचंच नाही.

मी कारखान्यात सगळ्यांना सांगून बसलो आहे की माझा भाचा पिस्तूल करतो आहे. तेव्हा नाक राख.

मामीचा आशीर्वाद. पत्रात खंड नको.
तुझा,
होबार्टमामा


लॉस्ट फोर्क
ता. २४ जून १९७९

ती. स्व. होबार्टमामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला. सॉमिलमध्ये दोन पाळ्या चालू होत्या.

पिस्तूल ठीक चाललं आहे. तुम्ही म्हणालात तसा मी डेल्फामावशींकडे गेलो होतो. एस्टिलकाकांनी याच जातीच्या पिस्तुलाचा दस्ता कोरून ठेवलेला होता. नळी त्यांनी मागवली होती, ती यायच्या आधीच ते गेले. मावशींनी दस्ता पिठाच्या पोत्याच्या कापडात गुंडाळून ठेवला होता. साचा म्हणून मला नेऊ दिला. म्हणाल्या की बघून शिक, घाई नाही.

नळी आता घट्ट बसते आहे. आजूबाजूला काडीही शिरत नाही.

आई बरी आहे. परसातल्या बटाट्यांना कीड लागली. आणखी विशेष काही नाही.

लोभ कमी न व्हावा.
वर्लिन


हॅमिल्टन
ता. ११ सप्टेंबर १९७९

चि. वर्लिन यास अनेकानेक उत्तम आशीर्वाद.

लेका, पहिला नंबर, निळी फीत! पहिल्याच खेपेला! तुझ्या आईने १ तारखेच्या शनिवारी फोन केला तेव्हा ती रडत होती, मला वाटलं कुणी गेलं. मला सुटी मिळाली नाही याचा असा राग आला की मामीने सूप झाकून ठेवलं.

बक्षीस म्हणून दारूचा एक पौंडाचा डबाही मिळाला म्हणे. बंदुकीची दारू हो, नाहीतर इथले लोक भलतंच समजले. तुझा तो फीतवाला फोटो मी युनियनच्या हॉलमध्ये लावला आहे, बोलिंगच्या कपाच्या बरोब्बर वर. प्रेसवरचा एक पोलिश म्हातारा म्हणाला की हा दस्ता पोराचा वाटत नाही, चाळीस वर्षं काम केलेल्याचा वाटतो. मी म्हटलं की आमच्या डोंगरात पोरं म्हातारीच जन्मतात.

तुझा एकंदर खर्च किती झाला ते कळव, मी भरून देतो. आणि दुसरं किट मागवू का तेही सांग.

सगळ्यांना आशीर्वाद. आज फार बरं वाटतंय, ते तसंच राहू दे.
होबार्टमामा


लॉस्ट फोर्क
रविवार, ता. १६ सप्टेंबर १९७९

ती. स्व. होबार्टमामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

किट मागवू नका. फोटो काढून टाका. तो दस्ता माझा नाही.

हे पाचवं पत्र आहे. आधीची चार स्टोव्हमध्ये घातली, कारण त्यांत मी कारणं लिहिली होती.

तुम्ही एप्रिलमध्ये सांगितलंत तेच झालं. चौसष्ट वेळा काजळी लावली. नळी खुळखुळायला लागली. मग खाली कागदाची पट्टी घालून ठोकून बसवली, तेव्हा पुढच्या टोकापासून कळीपर्यंत लाकूड तडकलं. तो दिवस ६ मे. त्यानंतर मी डेल्फामावशींकडे गेलो, आणि देवाशपथ, तेव्हा साचा म्हणूनच मागितला. घरी आणून नुसतं पाहायचं म्हणून माझी नळी त्यात ठेवली. खाच जराशी खरवडली आणि नळी बसली. मी तीन आठवडे ती बाहेर काढली नाही. मग कळीसाठी भोकं पाडली, नळी अडकवायच्या खिळ्या मारल्या, रंग दिला, जवसाचं तेल चोळलं. भोकं पाडली त्या दिवसापासून ते लाकूड परत देण्यासारखं राहिलं नाही, हे मला पाडताना माहीत होतं.

मेळ्यात काय झालं ते आईने तुम्हाला सांगितलं नसेल, कारण ती लांब केकच्या टेबलापाशी होती. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. हार्लन रिची परीक्षक होते. त्यांनी खिळ्या काढून प्रत्येकाची नळी उचलून आतलं लाकूड पाहिलं, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला की काम कुठे नडलं. माझ्या आधी बर्ली काँब्स म्हणाला की सगळीकडेच नडलं, बायकोने दोनदा घराबाहेर काढलं. लोक हसले. माझी पाळी आली. मी म्हणालो की खाचेत नडलं. काजळीचं सगळं सांगितलं, मोह कसा होतो, एकदाच आणखी असं कसं वाटतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता मामा, फक्त तो दुसऱ्या लाकडाबद्दल होता. रिची म्हणाले की पंचवीस वर्षांत असं उत्तर त्यांनी ऐकलं नाही.

डेल्फामावशी माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. सफरचंदाच्या थरांचा केक घेऊन आल्या होत्या. त्यांनी पिस्तूल उचललं, मुठीच्या खालच्या वळणावरून अंगठा फिरवला आणि ठेवून दिलं. म्हणाल्या की छान झालंय रे, आता हा केकचा डबा गाडीपर्यंत ने. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाल्या की तो साचा म्हणून नेलेला तुकडा काम झालं की आणून दे हो, घाई नाही.

तेव्हापासून मी त्यांच्या दारावरून जात नाही. सॉमिलला ओढ्याकडून वळसा घालून जातो. तिकडून दीड मैल जास्त पडतं.

काय करावं ते सांगा. लोभ मागण्याचं तोंड नाही.
वर्लिन


हॅमिल्टन
ता. २१ सप्टेंबर १९७९

वर्लिन,

पत्र उभ्याउभ्या वाचलं. फोटो मी स्वतः उतरवला. जेवणाची सुटी होती, सगळे हजर होते. का उतरवतोस म्हणून विचारलं, तेव्हा सांगितलं. त्या पोलिश म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याने टोमणा मारला असता तर सोसला असता.

काय करावं असं मला विचारतोस? तुला माहीत आहे. जिथे खोटं बोललास तिथेच उभा राहून खरं बोल, तेवढ्याच मोठ्याने. डेल्फाकडे एकट्याने जाऊन रडून यायचं आणि मोकळं व्हायचं, असलं चालणार नाही. त्याने तुझं भागेल, एस्टिलचं नाही. आणि तुझ्या आईला आधी सांग. ती माझी बहीण आहे, तिला हे बाजारात कळता कामा नये.

झाल्यावर लिही. न लिहिलंस तर मी समजेन.
होबार्ट


लॉस्ट फोर्क
रविवार, ता. ७ ऑक्टोबर १९७९
दुपारचे दोन

ती. स्व. होबार्टमामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी आईला सांगितलं. तिने ताटात घेवडा वाढला, मक्याच्या पावाचा तुकडा ठेवला आणि म्हणाली की जेव. नंतर भांडी घासताना पाठमोरी म्हणाली की केकच्या टेबलावर तिने अकरा जणींना सांगितलं होतं, आता अकरा घरं फिरायला तिच्या पायात ताकद नाही. तरी ती फिरली. मी मागे जात होतो तर मला परत पाठवलं.

काल क्लबची महिन्याची नेमबाजी होती. मी तडकलेलं लाकूडही बरोबर नेलं. सगळे जमल्यावर त्याच टेबलापाशी उभा राहिलो. लिहून आणलं होतं, पण कागद उघडला नाही. म्हणालो की सप्टेंबरात मी ठेवलेल्या पिस्तुलाचा दस्ता एस्टिल फ्यूगेट यांचा आहे, डेल्फामावशींनी तो साचा म्हणून विश्वासाने दिला होता, आणि माझं स्वतःचं काम हे आहे. मग तडकलेलं लाकूड ठेवलं.

 मग बर्ली काँब्सच्या भावाने विचारलं की याची पाचर दाराला लावता येईल का. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. रिचींनी फीत मागून घेतली. म्हणाले की वर्षभर माझ्या नावाने काही टेबलावर येणार नाही, आणि माझं ते मेळ्यातलं उत्तर त्यांनी तीन ठिकाणी सांगितलं होतं, तिथे आता काय तोंड दाखवायचं. मी म्हणालो की मी जाऊन सांगतो. ते म्हणाले की नको, पुष्कळ सांगितलंस.

मावशी कुंपणापाशी होत्या. मी पिस्तूल त्यांच्या हातात दिलं, नळी, कळ, पितळ सगळ्यासकट. तुमची भेट मी तुम्हाला न विचारता देऊन टाकली, कारण नळी काढून नुसतं भोकं पडलेलं लाकूड देणं मला जमेना. त्या म्हणाल्या की लाकडाचा त्यांना राग नाही. एस्टिलने ते आयुष्यभर फडक्यात ठेवलं असतं, आणि नंतर त्यांनीही. पण मेळ्यात टेबलापाशी रिचींनी मला विचारलं आणि मी तोंड उघडलं, तेव्हा त्यांना वाटलं की आता हा त्याचं नाव घेणार. त्यासाठीच त्या केक घेऊन पुढे आल्या होत्या. म्हणाल्या की तू किती छान बोलत होतास रे, मी शेवटपर्यंत वाट पाहिली.



मग त्यांनी रिचींना बार भरून द्यायला सांगितला. रिची म्हणाले की डेल्फा, तू कधी झाडलं आहेस का. त्या म्हणाल्या की एस्टिल हात लावू द्यायचा नाही, आता विचारायला तो नाही, भर. दोन्ही हातांनी धरून त्यांनी झाडलं. लक्ष्य राहिलं बाजूला, गोळी मागच्या मातीच्या उतारात गेली. धुरातून बाहेर येताना त्या खोकत होत्या आणि सगळ्यांना सांगत होत्या की मूठ हातात कशी बसते बघा. लोकांनी रांग लावून ती हातात घेऊन पाहिली. मी रांगेत उभा राहिलो नाही.

आजपासून सॉमिलला नेहमीच्या रस्त्याने जाणार आहे.

तुम्ही खर्च विचारला होता. भरून देऊ नका, फक्त माहितीसाठी.

झालेला खर्च: रंग आणि जवसाचं तेल ३ डॉलर ४० सेंट. पॉलिश पेपर १ डॉलर १५ सेंट. टेबलाची फी २ डॉलर. एकूण ६ डॉलर ५५ सेंट.

देणं: बर्ली काँब्सचा दुसरा नंबर आला होता, म्हणजे बक्षिसाचा डबा त्याचा. त्यातली पाव भाग दारू मी उडवली होती, म्हणून नवा डबा घेऊन दिला. हे देणं फिटलं. तुमचं किट, ६२ डॉलर ५० सेंट, बाकी. महिना पाच डॉलरप्रमाणे पुढच्या ऑक्टोबरपर्यंत फिटेल, शेवटचा हप्ता अडीच डॉलरचा. डेल्फामावशींच्या नावापुढे आकडा लिहिता येत नाही. त्यांनी काही मागितलेलं नाही.

पाचाची पहिली नोट पत्राच्या घडीत आहे. पाकीट जपून फोडावं.

वर्लिन