ओढ्यापलीकडचं लायसन

मंगळवार, २७ मे

काल माझ्या नवऱ्याच्या, मर्लच्या थडग्यावर फुलं ठेवून आले. त्याला सांगितलं, आपली जनेल सात तारखेला लग्न करतेय, आपल्याच अंगणात, पिअरच्या झाडाखाली. तो असता तर म्हणाला असता, अर्डिस, तू मध्ये पडू नकोस. म्हणून आजपासून ही वही. आठवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच, पण मनातलं लिहून काढलं की तोंडातून कमी जातं, असं पास्टर हॅन्स्ली म्हणतात. का म्हणतात कोण जाणे.

ठराव: नातीच्या लग्नात ढवळाढवळ करायची नाही. केक जनेल म्हणेल तो. खुर्च्या तिचा रीड म्हणेल तशा. (केक पिवळा असावा एवढंच सुचवलं. आणि खुर्च्या जरा वळवल्या, नाहीतर सगळ्यांची तोंडं खताच्या ढिगाकडे येत होती.)

पोरीला तिची आई गेल्यापासून मीच वाढवली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं ट्रक भरून ओरेगॉनला निघणार, रीडला तिकडे लाकडाच्या गिरणीत काम मिळालंय. म्हणजे लग्न शनिवारीच, आणि इथेच. जाताना तिने हे अंगण डोळ्यांत भरून न्यावं. बाकी मला काही म्हणजे काही नको.

लग्न लावण्याआधी सरकारचं लायसन काढावं लागतं, ते काम मात्र मी अंगावर घेतलं. पोरांना सरकारी कागदातलं काय कळतं.

गुरुवार, २९ मे

लायसन आणायला गेले. आलं नाही.

ओटर्बीच्या कचेरीत गेले होते. आमची काउंटी, म्हणजे जिल्हा, हॅझल, पण हॅझलची कचेरी तिकडे लांब, जाऊन येण्यात सकाळ जाते. ओटर्बी दहा मिनिटांवर, ओढा ओलांडला की टोलर काउंटी लागते आणि पुढे ओटर्बी. आमचं वाणसामान तिथलं, दातांचा डॉक्टर तिथला, माझे केस सेट करणारी ग्लेंडा तिथलीच, टपालसुद्धा तिथून येतं. मग लग्न कशाला लांबून आणायचं?

खिडकीतली मुलगी चांगली होती, फक्त भुवया काढून परत रंगवल्या होत्या. तिच्यापुढे सगळं मांडलं. जनेलचा बाप्तिस्म्याचा दाखला, रीडचा ट्रॅक्टरवरचा फोटो, आणि स्ट्रॉबेरी जॅमची बरणी. ती म्हणाली, नवरानवरी दोघांनी एकत्र यायला लागतं, आपापली ओळखपत्रं घेऊन. मी तिला समजावलं की मर्लचं शिकारीचं लायसन दरवर्षी मीच आणायचे, आणि त्यासाठी कधी हरणाला हजर करावं लागलं नाही. तिने जॅमसुद्धा परत केला. नियम आहे म्हणे.

पुढे ती कुठल्या काउंटीत काय चालतं असं काहीतरी सांगत होती, पण मी तिला जनेलच्या पहिल्या दाताची गोष्ट सांगत होते. चालू गोष्ट तोडणं बरं दिसत नाही.

एकूण दिवस चांगला गेला. ओळख झाली.

शनिवार, ३१ मे

पिअरचं झाड खाली चुन्याने रंगवलं. कुंपणही. चप्पलही, पण ते ठरवून नाही.

जनेल स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, ओटर्बी तर टोलरमध्ये येतं, लग्न आपलं हॅझलमध्ये, चालतं का ते कोणाला तरी विचारायला हवं. मी म्हटलं, राज्य एकच आहे, गव्हर्नर एकच आहे, ओढ्याने काय होतंय. तरी ती म्हणाली, आजी, विचार. मी म्हटलं, विचारते बाई.

खरं म्हणजे आमच्या हॅझलच्या कचेरीत विचारायचं म्हणजे लॉरीन स्टट्झच्या तोंडाला लागायचं. काउंटी क्लार्कच्या, म्हणजे त्या कचेरीच्या मुख्याच्या, निवडणुकीत तिने आमच्या मर्लला पाडलं होतं. त्याला आता किती वर्षं झाली, मी ते केव्हाच विसरले. तिला माफही केलंय. फक्त त्या दारातून मी आत जात नाही, आणि ती चर्चच्या जेवणाला बटाट्याचं सॅलड आणते ते मी वाढून घेत नाही.

ठराव: मंगळवारी खिडकीतल्या मुलीला विचारायचं.

मंगळवार, ३ जून

लायसन आलं! म्हटलं होतं मी.

तिघं गेलो. मुलगी मला बघून जरा मागे सरकली, पण ओळख असली की माणसं अशीच मोकळी होतात. तिने दोघांना हात वर करून शपथ घ्यायला लावली. मीही हात वर केला, सोबत म्हणून. मग तिने विचारलं, तुमच्यात रक्ताचं नातं आहे का. दोघं नाही म्हणाली. मी म्हटलं, थांब बाई, शपथेवर आहोत, नीट सांगू दे. रीडच्या आजोबांची सावत्र बहीण माझ्या मामेभावाला दिली होती, पण ती फार दिवस टिकली नाही, कोंबड्यांच्या धंद्यावरून बिनसलं, मग ती डॅव्हनपोर्टला कुणा बूटवाल्याकडे गेली, तो चांगला होता, एक पाय आखूड. मुलीचं पेन तसंच हवेत. मागे रांग लागली होती, तीही ऐकत होती. जनेल म्हणाली, आजी, तू जरा बाकावर बस.

बसले. पण बाकावरूनही ऐकू येतं. पोरं शेजारच्या खिडकीत फी भरायला गेली तेवढ्यात मुलीने विचारलं, लग्न कुठे होणार. मी उठून सांगितलं, माझ्या घरी, रूट दोन, ओटर्बी. टपालाचा पत्ता तोच आहे आमचा. ती म्हणाली, ओटर्बीच ना, मग ठीक. मग मी कशाला फाटे फोडू? ती ठीक म्हणाली म्हणजे विचारल्यासारखंच झालं.

गाडीत जनेलने विचारलं, विचारलंस का. मी म्हटलं, ती ठीक म्हणाली. पोरीने मागून माझ्या गळ्यात हात टाकले. लायसनचं पाकीट मी माझ्या बायबलात ठेवलंय, सुरक्षित.

शुक्रवार, ६ जून, संध्याकाळ

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

रंगीत तालीम होती. सगळं अंगण कसं आरशासारखं. पास्टर झाडाखाली उभे राहिले, मी बायबलातून पाकीट काढून दिलं. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग जमिनीकडे पाहिलं, मग ओढ्याकडे.

"अर्डिस, आपण आत्ता कुठल्या काउंटीत उभे आहोत?"

मी म्हटलं, माझ्या.

तर म्हणे लायसन टोलरचं, ते टोलरच्या हद्दीतच चालतं. इथे लावलेलं लग्न कागदावर लग्नच नाही. मी म्हटलं, देवाला चालतं. ते म्हणाले, देवाला चालतं, पण मला सही टोलरमध्येच करता येते. रीड म्हणाला, हॅझलचं नवीन काढू. पास्टर म्हणाले, कचेरी सोमवारी उघडेल, आणि नवीन लायसन काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होतं. रविवारी तर ट्रक निघायचा.

जनेल माझ्याकडे बघत होती.

"आजी, तू विचारलं होतंस ना?"

मी म्हटलं, बाळा, सॅलडवर झाकण घालायचं राहिलंय, आणि आत गेले. सॅलडवर खरंच माशा बसत होत्या.

पास्टर म्हणाले, हद्द म्हणजे ओढाच. पन्नास पावलं पलीकडे गेलं की झालं. पण पलीकडे ड्वाइट कॉबची डुकरं आहेत. त्याच्या डुकरांच्या वासाविरुद्ध गावाने अर्ज केला होता त्यावर पहिली सही माझी आहे. ती फक्त वर जागा होती म्हणून. रीडने त्याला फोन लावला. तो म्हणे एवढंच म्हणाला, या की, शेड झाडून ठेवतो.

शनिवार, ७ जून, सकाळ

झोपून उठले तसं डोकं एकदम स्वच्छ झालं. यात बिघडलंय काय? ओढ्यापलीकडे फक्त शपथा. दहा मिनिटं. मग सगळे परत माझ्या अंगणात. जेवण इथे, केक इथे, नाच इथे. कुणाच्या लक्षातही येणार नाही की लग्न दुसरीकडे लागलं. पुलाला रिबनी बांधून आले.

ठराव: ड्वाइटशी गोड बोलायचं. वासाबद्दल चकार शब्द नाही. नाकाला रुमाल लावायचा नाही, फार तर डोळे पुसायचं निमित्त करायचं.

शनिवार, दुपार

लग्न लागलं. जनेल किती छान दिसत होती ते मला लिहिता येत नाही.

म्हाताऱ्यांसाठी ड्वाइटने गवताची गाडी पाठवली. मी चालत गेले. वारा उलटा होता, वास म्हणून आला नाही. इतकी वर्षं येतोय, आजच नाही. त्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टर बाहेर काढून, फरशी धुऊन, आढ्याला मोठाले पंखे लावलेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. शपथा झाल्या, आणि मी हात वर करून म्हटलं, चला, आता सगळे आमच्याकडे. तर ड्वाइटची बायको म्हणाली, एवढं डुक्कर भाजलंय, घासभर तरी खाऊन जा. घासभर. माझी नणंद तिसऱ्यांदा वाढून घेत होती. मग कुणीतरी गाणी लावली. मग कुणी म्हणालं, या पंख्यांखालून उठून उन्हात कशाला जायचं, केक इकडेच आणा.

केक आणायला मीच आले. अंगणात वळवलेल्या खुर्च्या, टेबलांवरचे कपडे, चुन्याचं झाड, आणि एक मांजर. म्हटलं जरा बसावं. पाय दुखत होते.

मागून जनेल आली, झगा गुडघ्यापर्यंत उचलून, चपला हातात. म्हणाली, तुझ्यावाचून कापणार नाही. मी म्हटलं, मला वाटलं होतं तू हे अंगण डोळ्यांत भरून नेशील. ती गवतात माझ्या पायाशी बसली.

"अंगण मला पाठ आहे, आजी. त्यासाठी लग्न कशाला लागतं?"

मग केक एका बाजूने तिने धरला, एका बाजूने मी, आणि पूल ओलांडला. पिवळाच आहे. सगळ्यांना आवडला. ड्वाइटने दोन तुकडे घेतले, आणि मी त्याच्याशी गोडच बोलले, म्हणजे बोलले.

रविवार, ८ जून

सकाळी ट्रक गेला. वळणापर्यंत जनेलचा हात खिडकीबाहेर होता. मी रडले नाही. नणंद म्हणते रडले, पण तिला जवळचं दिसत नाही.

चर्चमध्ये जो तो ड्वाइटच्या पंख्यांबद्दल बोलत होता. चुन्याच्या झाडाबद्दल एक जण बोलला, त्याच्या पँटला चुना लागलाय म्हणून.

लॉरीन स्टट्झ सॅलड घेऊन समोर उभी. म्हणाली, अर्डिस, शुक्रवारी दुपारी मला नुसता फोन केला असतास तरी मी सांगितलं असतं, शनिवारपर्यंत हॅझलचं लायसन झालं असतं. मी म्हटलं, थँक यू लॉरीन, आणि एक चमचा वाढून घेतलं. मीठ कमी होतं.

आता सही केलेलं लायसन ओटर्बीला परत पोचवावं लागतं, त्याशिवाय लग्नाची नोंद होत नाही. एवढं काम तरी आपल्या हातून व्हावं म्हणून पास्टरना म्हटलं, आणा इकडे, मी उद्या नेऊन देते, तिथे माझी ओळख आहे. ते माझ्याकडे फार मायेने बघत राहिले. मग म्हणाले, ते काल रात्रीच ड्वाइटकडे दिलंय. तो उद्या ओटर्बीला जाणार आहे.

ड्वाइटकडे. डुकरांच्या माणसाकडे.

ठीक आहे. फक्त उद्या सकाळी लवकर पूल ओलांडून त्याच्या गाडीत बसून जावं म्हणते. त्याला बिचाऱ्याला कचेरी कुठे आहे ते दाखवायला.