दगड डाव्या हाताला

प्रिय दादा,

'प्रिय' लिहायला हात धजत नव्हता. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, कारण तुझ्यासाठी मनात जे दुसरे शब्द येत होते ते लिहिले असते तर तू पुढे वाचलंच नसतंस. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर मी दुसऱ्याच वाक्याला ओरडायला लागते आणि तू 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू' म्हणून सुटतोस. पाकीट लाँचवाल्याकडे देणार आहे, तो पलीकडे उतरून पोस्टात टाकेल. त्यावर 'खासगी' असं दोनदा लिहिलंय, म्हणजे तुझ्या ऑफिसातली ती गोड बोलणारी मुलगी ते फोडून 'पाहुण्यांचे अभिप्राय' या फायलीत लावणार नाही.

मावशी गेली हे कळवलं तेव्हा तुझं एका ओळीचं उत्तर आलं. 'वाईट झालं, वय झालंच होतं, पुढच्या महिन्यात दुसरी घोडी बघू.' दुसरी घोडी! शिंगरू असताना तिला बाटलीने दूध कोणी पाजलं होतं? आल्यागेल्याकडे नाक वर करून बघते म्हणून मावशी हे नावही तूच ठेवलं होतंस. बावीस वर्षं तिने पलीकडच्या कुरणावर जनावरांना चाटायच्या मिठाच्या विटा वाहिल्या. ती कशाने गेली, हे विचारायचंही तुला सुचलं नाही. म्हातारी होती, गेली, विषय संपला. तर नाही संपला. नीट बसून वाच.

आधी तुला आवडणारी बातमी देते. पाहुणे खूश आहेत. यंदा एकही आठवडा रिकामा गेला नाही. सकाळी वासरांना बाटलीने दूध पाजतात, दुपारी किनाऱ्यावर घोड्यावरून फेरी मारतात, मेंढ्यांची लोकर कातरताना बघायला बाकावर ओळीने बसतात. एका गृहस्थाने मला विचारलं की मेंढ्यांना रविवारी सुट्टी असते का. मी म्हटलं, त्यांना असते, मला नसते. सगळे हसले, तोही हसला. फाटक उघडलं की बंद करायचं, हे मी दर सोमवारी सांगते आणि दर मंगळवारी मीच जाऊन बंद करते. स्वयंपाकघरातली काकू म्हणते, जनावरं बरी, ती निदान फोटो काढत नाहीत. हे सगळं मी सोसलं. जनावरांच्या जिवावर आता भागत नाही, पाहुणे आले तर बेट टिकेल, हे तुझं म्हणणं मला पटलं होतं. पण दादा, तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतोस, आणि त्या कुठे जाऊन पडतात ते आम्ही बघतो.

तुझं ते नवं पत्रक माझ्यासमोर आहे. गुळगुळीत कागद, वर निळं आकाश. वरच्या वाटेची पदभ्रमंती, कार्यक्रम पाचवा: 'कड्यावर आपला दगडांचा मनोरा रचा, समुद्रासह फोटो घ्या, बेटावर आपली खूण ठेवून जा.' हे वाक्य तू लिहिलंस. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, बिचाऱ्याला काय माहीत. तुला माहीत होतं. तू नऊ वर्षांचा होतास, मी सहाची. वरच्या वाटेवरच्या एका राशीतला चपटा दगड तुला आवडला म्हणून तू तो खिशात घालून घरी आणलास. बाबांनी जेवायला बसता बसता तो पाहिला. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, ठेवून ये, मग जेव. भर उन्हात तू पुन्हा तो सगळा चढ चढलास, मी रडत मागे मागे आले, आणि दगड बरोबर त्याच खोबणीत बसेपर्यंत तू तो फिरवून फिरवून बघत होतास. परत आलो तोवर बटाट्यांचं सूप गार झालं होतं. बाबांनीही खाल्लं नव्हतं. ते तुझी वाट बघत थांबले होते.

त्या अकरा राशी आजोबांनी रचल्या. वर दगड नाहीतच, नुसतं गवत. त्यांनी खालच्या किनाऱ्यावरून जनावरांच्या पाठीवर एकेक दगड नेला. कुरणाकडे जाताना रास डाव्या हाताला हवी. राशीपलीकडे दहा पावलांवर कडा. धुकं असो, पाऊस असो, दगड डाव्या हाताला ठेवून चाललं की माणूस आणि जनावर पोचतं. आपल्या दोघांना हे बाराखडीच्या आधी शिकवलं होतं. आता मला सांग, जिथे दगडच नाहीत तिथे तुझे पाहुणे मनोरे कशाचे रचणार होते? राशींतून काढले. जवळ होते, हाताशी होते, छान गोल होते. आणि फोटोत मागे समुद्र हवा, म्हणून मनोरे रचले थेट कड्याच्या ओठावर. हंगाम संपता संपता आजोबांच्या चार राशी जमिनीला टेकल्या होत्या आणि कड्यावर एकोणीस मनोरे उभे होते.

मी काय करत होते, हे तू विचारशीलच. मी तिथेच होते. सगळ्यांना वर नेणारी मीच. पहिल्या वेळी एका बाईने राशीतला दगड उचलला तेव्हा मी तिला थांबवायला पुढे झाले, पण पत्रकात छापलेलं होतं, ती इतकी आनंदात होती, आणि मी तिचा फोटो काढून दिला. दुसऱ्या खेपेला तर मीच चांगला सपाट दगड शोधून दिला. लोक टाळ्या वाजवायचे, नावानिशी आभार मानायचे. इथे मेंढ्यांनी कधी माझे आभार मानलेले नाहीत. संध्याकाळी जाऊन दगड परत लावू असं रोज ठरवायचे आणि रोज दमून झोपायचे. म्हणजे रागाचा सगळा वाटा तुझा नाही, हे मला कळतं. पण माझा वाटा मी रोज खातेय. तुझा तुला पोचवायला हे पत्र.

आणखी एक गोष्ट तुला माहीत नाही, कारण मी ती लपवली. बाबांना दिसत नाही. दोन वर्षं झाली. अगदी काळोख नाही, उजेड आणि सावली कळते, दारात माणूस उभा आहे हे कळतं, कोण ते पावलांवरून ओळखतात. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की हे सुधारणार नाही. मी बाहेर येऊन बाबांना सांगितलं की वयोमानाने थोडं धूसर होतं, काळजीचं कारण नाही. त्यांनी मला शपथ घातली की दादाला कळवू नकोस, तो मला उचलून शहरात नेईल आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसवेल. मग मी फाटकांना पांढरा रंग दिला, गोठ्यातल्या बादल्या नेहमीच्या जागी ठेवायला लागले, आणि 'आज बरं दिसतंय ना बाबा' असं रोज विचारून 'हो' ऐकायला लागले. मी त्यांचं मन राखत होते, ते माझं. तरी ते आठवड्यातून दोनदा मावशीला घेऊन मीठ पोचवायला वर जात. डाव्या हातात काठी, उजव्या मनगटाला मावशीचा दोर गुंडाळलेला. काठी राशीला लागली की पुढे. तुला सांगते, डोळस माणसापेक्षा बिनचूक जात होते.

त्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. मी तुझ्या पाहुण्यांना खाली किनाऱ्यावर शिंपले दाखवत होते, विनोद करत होते. बाबा वर गेले. सहा राशी लागल्या. सातवीपाशी वाट उजवीकडे वळते, आणि सातवी रास जागेवर नव्हती. शोधत शोधत ते डावीकडे सरकले. काठी दगडांना लागली. कमरेएवढे, एकावर एक, नीट रचलेले. त्यांना हायसं वाटलं. रास सापडली म्हणून ते पुढे निघाले. मावशी थांबली. त्यांनी ओढलं, ती हलेना. चुचकारलं, हलेना. आयुष्यात ज्या माणसाने जनावरावर हात उगारला नाही, त्याने त्या दिवशी मावशीला मारलं. गुडघे दुखत होते, धुकं होतं, मीठ भिजत होतं. आणि माझे दगड खोटं बोलणार नाहीत, असं त्यांना वाटलं. मारायला हात मोकळा हवा म्हणून त्यांनी मनगटाचा दोर सोडला. मावशीने एकदा मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं असणार, मला खात्री आहे, तिची सवयच ती. मग सांगितलं म्हणून ती दोन पावलं पुढे गेली. दोर सोडलेला होता, म्हणून बाबा वाचले.

दुपारी धुकं उठल्यावर मला ते सापडले. त्या मनोऱ्याला टेकून बसले होते, एक हात वरच्या दगडावर. पलीकडे एक पाऊल आणि मग काही नाही. माझ्या पावलांचा आवाज ओळखून त्यांनी एकच विचारलं, 'ही सातवी रास ना गं?'

आणि मी म्हटलं, 'हो बाबा.'

का म्हटलं ते विचारू नकोस. ते थरथरत होते, मला त्यांना आधी तिथून उठवायचं होतं, आणि दोन वर्षं माझ्या जिभेला दुसरं काही बोलायची सवयच राहिली नव्हती. त्यांनी मान हलवली. म्हणाले, 'म्हणजे दगड बरोबर होते. मीच चुकलो. तिला कळत होतं, आणि मी तिला मारलं.' तेव्हापासून ते खोलीतून बाहेर आलेले नाहीत. आज तेवीस दिवस झाले. काठी त्यांनी काकूला चुलीत घालायला दिली, तिने ती पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवली आहे. बूट पलंगाखाली सरकवलेत. जेवतात, पण 'आता पुरे' एवढंच बोलतात. एकदा मला म्हणाले, डोळे गेले त्याचं काही नव्हतं गं, डोकं गेलं. काल सकाळी स्वतःच म्हणाले, दादाला विचार, त्याच्या गॅलरीत जागा आहे का. ते ऐकून मी गोठ्यात जाऊन रडले.

मी खरं सांगितलं नाही असं समजू नकोस. त्याच संध्याकाळी डोक्यात राख घालून वर गेले आणि एकोणीसच्या एकोणीस मनोरे उधळले. निम्मे दगड समुद्रात गेले. उरलेले पुढचे चार दिवस एकेक करून राशींत परत लावले. बैल गेला नि झोपा केला. खाली येऊन बाबांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. पाहुणे, मनोरे, पत्रक, माझं ते 'हो', सगळं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'किती करशील माझ्यासाठी. आता मन राखू नकोस, बाळा.' काकूने सांगून पाहिलं, तर म्हणाले, तुला पोरीने पढवलंय. हात लावून दाखवावं म्हटलं तर दाखवायला काहीच उरलेलं नाही, माझ्याच रागाने सगळं साफ केलं. तुझ्याकडे फोटोंचा ढीग आहे, पण फोटो त्यांना दिसत नाहीत.

आई गेली तेव्हाचं आठवतं? सगळे बाबांना म्हणत होते, तुम्ही शक्य होतं ते सगळं केलंत. मी तर दिवसातून दहादा म्हणत होते. तू एकटा त्यांच्यासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, लाँच आदल्या दिवशी बोलवायला हवी होती, तुम्ही उशीर केलात. मला तुझ्या थोबाडीत मारावंसं वाटलं होतं. बाबा वर्षभर तुझ्याशी बोलले नाहीत. पण त्या वर्षात एकदा दूध काढता काढता मला म्हणाले, 'या घरात तो एकटाच माझ्याशी खोटं बोलत नाही.' ते मी तुला कधीच सांगितलं नव्हतं, कारण मला त्याचा फार राग आला होता. आज तेच कामाला येतंय. म्हणून हे पत्र. मला माफी नको, दुसरी घोडी नको, नवं पत्रक तर मुळीच नको. मंगळवारच्या लाँचने ये. सातव्या राशीत वरच्या एका दगडाची जागा मी रिकामी ठेवली आहे, किनाऱ्यावर उतरशील तेव्हा एक चांगला बघून उचल. बॅग काकूपाशी टाक आणि सरळ बाबांच्या खोलीत जा, तुझी पावलं ते ओळखतील. त्यांना सांग की सातवी रास जागेवर नव्हती, ती हलवायला तू लिहून दिलं होतंस, ते चुकले नाहीत. मग दगड त्यांच्या हातात दे, पलंगाखालचे बूट काढून त्यांच्या पायांत घाल, आणि दोघं मिळून वर जा. गोड बोलू नकोस. आई गेली तेव्हा बोललास त्याच आवाजात बोल. गोड बोललास तर त्यांना वाटेल, मीच तुला शिकवून पाठवलंय.

राग आहे तिथेच आहे, तरी तुझीच,
धाकटी