माझ्या दाढेचं वॉटरप्रूफिंग

३ फेब्रुवारी १९९७, मंचेरियल
दाढेचं रूट कॅनॉल संपलं. केलं कोणी, तर आमच्या सूनबाईनं. विनोदिनी, बी.डी.एस., नांदेड. आमच्या मुलानं, हेमचंद्रानं, स्वतः पसंत करून आणली, मला विचारलं कोणी? घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना मांडून बसली आहे. तोंडावर रबराचं फडकं ताणलं. त्याला म्हणे रबर डॅम! थुंकी दाढेत उतरू नये म्हणून. मी इरिगेशनचा ओव्हरसियर, तलावांचे बांध बांधण्यात जिंदगी गेली. मला डॅम शिकवते.

वर कच्चं सिमेंट भरलं. सोमवारी पक्कं भरणार, मग टोपी बसवणार. नाही तर म्हणे वरून जंतू झिरपतात आणि मुळाशी पू होतो.

चार पेशंटांसमोर मला म्हणाली, मामाजी, आ करा, अजून मोठा. सासऱ्याला!

१० फेब्रुवारी
सोमवार. गेलो नाही. दाढ दुखत नाही. ठणठणीत कामाला हात लावू नये, हा आमच्या खात्याचा उसूल.

१६ फेब्रुवारी
सूनबाईनं परत टोकलं. ऑफिसात काम आहे म्हणालो. रविवार होता हे तिनं काढलं नसतं तर बरं झालं असतं.

२६ फेब्रुवारी
भाकरी खाताना कच्च्या सिमेंटचा टवका उडाला. भाकरी कडक. चूक बायकोची, सुभद्रेची. तिला तेवढं सांगितलं, टवक्याचं सांगितलं नाही.

ऑफिसात मात्र सगळ्यांना सांगितलं. सूनबाईचं काम गळकं, पैसे पाण्यात. लक्ष्मणराव क्लार्क बायकोला तिच्याकडे आणणार होते, त्यांना रोखलं. समाजसेवा.

२७ फेब्रुवारी, सकाळी
बाथरूमच्या फरशीतलं व्हाईट सिमेंट उरलं होतं. कालवलं, आरशात पाहून काडीनं दाढेत ठासलं. एकदम लेव्हल. बी.डी.एस.ला काय पाच वर्षं लागतात, देव जाणे.

दुपारी
सिमेंट म्हटलं की क्युरिंग आलं, ओलं ठेवून पक्कं करणं. तोंडात पाणी धरून ऑफिसात बसलो. साहेबांनी बांधाचं काम कुठवर आलं विचारलं. मान हलवली. साहेब भडकले. किनाऱ्याकडच्या आंध्रातून आलेला माणूस, त्याला क्युरिंगचं महत्त्व काय कळणार?

१ मार्च
क्युरिंग चालू. सुभद्रा म्हणते, घरात किती शांत वाटून राह्यलं. चांगली सुनावणार होतो, पण पाणी सांडलं असतं.

६ मार्च
गाल थोडा फुगला. मच्छर.

पुढची खोली रिकामी असते हल्ली. लोकांना अक्कल आली म्हणायची. सूनबाई दारात उभी राहून माझ्या गालाकडे बघत होती. एकदा पाहू द्या म्हणाली. पेपर वर धरला.

१० मार्च
मच्छर नाही. डोळा मिटत आला. सुभद्रा म्हणाली, घरात डॉक्टर असून काऊन मरता? मेलो तरी तिच्या खुर्चीत बसणार नाही. साइटवर चाललो सांगून बेल्लमपल्लीची बस पकडली.

बेल्लमपल्लीच्या डॉक्टरनं एक्सरे काढला. मुळातलं काम फर्स्ट क्लास म्हणाला, टोकापर्यंत भरलेलं. पण वरचं तोंड नीट बंद नव्हतं, लाळ झिरपली, खाली पू झाला. मग दाढ टोकरून पाहिली आणि हिंदीत विचारलं, ये सिमेंट किस गधे ने भरा?

बहू ने, म्हणालो. तिचं नाव सांगितलं, घरचा नंबरही दिला. त्यानं तिथल्या तिथं फोन लावून तिला झाड झाड झाडलं. लायसन्स काढून घ्यायला पाहिजे म्हणाला. मी खुर्चीत पडून ऐकत होतो. ती ओरडून खरं सांगेल म्हणून पायानं चपला चाचपत होतो.

फोन ठेवून म्हणाला, बहू ने मान लिया. गलती मेरी है, बोली.

दाढ काढली. वाचण्यासारखी नव्हती.

११ मार्च
सूनबाईनं सकाळी पेज करून दिली. गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं.

सुभद्रेनं तिला स्वयंपाकघरात विचारलेलं ऐकू आलं. तू भरलंच नाही, तर कबूल काऊन केलं? ती म्हणाली, मामाजी बोलून बसले होते, आई. परक्या माणसासमोर त्यांना खोटं कसं पाडू?

मला रडू आलं. सुभद्रा धावत आली. तिला सांगितलं, भूल उतरून राह्यली.