घाटात न थांबणारी मोटार

आण्णा,

सायलीताईला आज अंबाजोगाईला नोकरीवर सोडायचे, म्हणून आपल्या जुन्या मोटारीचा रेडिएटर पहाटेच धुतला. बोअरच्या पाण्याचे क्षार आत चुन्यासारखे, वर्षानुवर्षे साचत गेले होते. आता कूलंट आणि जारचे पाणी भरले आहे. ‘माणसानं बोअरचं प्यावं अन् गाडीनं जारचं? लई लाड हायत!’ असे तुम्ही म्हणालच. मी फॅनबेल्ट घेऊन नऊपर्यंत बीडहून परततो.

एक अडचण मात्र झाली. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी उकळली, की ती थंड होईपर्यंत तुम्हा बापलेकींचा कुठलाही रुसवा मिटत असे. आज गाडी तिथे थांबणार नाही. तेव्हा नोकरीवरून धरलेला अबोला निघण्यापूर्वी अंगणातच सोडा.

रविराज