३१ सप्टेंबर

१२ डिसेंबर २००३

ती. पुंजाराममामांच्या चरणी भाचीचा नमस्कार. (पत्र वाचून दाखवणाऱ्या देवानंददादांनाही. मागच्या वेळी त्यांनी स्वतःचा नमस्कार तेवढा दोनदा वाचला, असे मामीने कळवले.) तुमची कंबर शिडीवर चढण्याइतकी बरी झाली का? मुद्दाम विचारते, कारण पुढे कळेल.

तर मामा, काल जाता जाता माझी नोकरी वाचली. देशभरातल्या तिसरीच्या मुलांना एकच पेपर द्यायचा, अशी दिल्लीची पाहणी निघाली आणि तीत चिठ्ठीने आमची शाळा आली. सूचना होती, की उत्तराला मदत होईल असे वर्गात काही दिसू नये. मी पडले शिक्षणसेविका, कायम व्हायला अजून वर्ष बाकी. सूचना अकरा वेळा वाचली आणि तुम्ही गेल्या वर्षी रंगवलेली अख्खी भिंत, बाराखडीपासून महिन्यांच्या दिवसांपर्यंत, स्वतः चुन्याने पोतून काढली. (मोर पोतताना रडू आले, पण मोरसुद्धा एखाद्या प्रश्नाचे उत्तर असू शकतो.)

पेपर झाला. पाहणीसाठी आलेल्या साहेबांनी उत्तरपत्रिका चाळल्या आणि थांबले. सप्टेंबरचे दिवस किती, याला वीसच्या वीस मुलांनी एकतीस लिहिले होते. कोणी सांगितलं, असे त्यांनी माझ्याकडे बघत विचारले. तेवढ्यात पहिल्या बाकावरची गोजर उभी राहून म्हणाली, "भिंतीनं सांगितलं की, सर!" साहेबांनी भिंतीकडे पाहिले. पांढरीफटक! मुख्याध्यापक माझ्या कानाशी लागले, "काय करून राह्यल्या मॅडम? पुरावाच पोतून टाकला की!"

मग मी पोतेरे भिजवून भिंत घासायला लागले. आधी मोराची चोच निघाली, मग ऑगस्ट, आणि मग तुमच्या पक्क्या रंगातले लालभडक 'सप्टेंबर ३१'. साहेब डोळे पुसत हसले आणि मुलांनी नक्कल केली नाही, असा शेरा देऊन गेले. मुख्याध्यापक मात्र हसले नाहीत. औंदाची पालकसभा त्यांनी ३१ सप्टेंबरला ठेवली होती आणि कोणी आले नाही म्हणून अख्ख्या गावाला बेफिकीर ठरवले होते.

मामा, तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा एवढी चूक व्हायचीच. मी मुळीच रागावले नाही.

तुमची,
नंदा

ता. क. भिंत पुन्हा रंगवायची आहे. रविवारी या. मोर जरा मोठा काढा.

आणखी ता. क. देवानंददादा, हे सावकाश वाचा. रंगवण्यासाठी मी मामांना दिलेला आणि त्यांनी परत केलेला कागद हे पत्र लिहून झाल्यावर पेटीत सापडला. त्यातले ३१ माझ्याच हातचे आहेत. मामांनी जसेच्या तसे उतरवले. मामा, माफ करा. साहेबांनाही तसे कळवले आहे. नवा कागद सोबत जोडला आहे. या वेळी तिसरीच्या मुलांकडून तपासून घेतला. त्यांनी दोन चुका काढल्या.