रोज चालवता तशी चालवा

ती. ताईस,

तुझ्या एकुलत्या एका, आणि तुझ्याच शब्दांत सांगायचं तर बिनकामाच्या, भावाचा नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? भावजींचा खोकला गेला, की अजून तू बोलायला लागलीस की त्यांना येतो? मी ठीक आहे. पाठ तेवढी कुरकुरते, पण इतकी वर्षं ट्रक चालवल्यावर पाठ गप्प बसली तरच मला काळजी वाटेल.

तर, तू सोपवलेली कामगिरी फत्ते झाली. कशी झाली ते वाचल्यावर 'फत्ते' या शब्दाला तू हरकत घेशील, पण आधी सगळं वाच आणि मग हरकत घे. (तुझी सवय उलटी आहे.) तुझ्या चिरंजीवांनी जी मुलगी पसंत केली आहे, तिला तू एकदाच पाहिलंस, तेही घरी जेवायला बोलावून. जेवताना तू विचारलंस की भाजी कशी झाली आहे, आणि ती म्हणाली, छान आहे, मीठ जरा कमी आहे. तेव्हापासून ती तुझ्या मनातून उतरली ती उतरलीच. (मीठ कमी होतं, ताई. ते नेहमीच कमी असतं. भावजी खिशात पुडी ठेवतात.) मग तू मला फोन करून सांगितलंस की चार माणसांत दोन गोड शब्द बोलायला जिला जमत नाही ती पुढे घरात काय दिवे लावणार, तेव्हा तू जा, ती कामावर कशी वागते ते गुपचूप बघ, तू सांगशील त्यावर मी हो की नाही ते ठरवीन. इकडे भाच्याने मला वेगळा फोन केला आणि काहीच न बोलता नुसते उसासे टाकले. म्हणजे पोराचा अख्खा संसार माझ्या एका शब्दावर येऊन टांगला. एवढी जबाबदारी माझ्यावर आजवर कुणी टाकली नव्हती, आणि का टाकली नव्हती तेही तुला लवकरच कळेल.

ती काम करते ते अवजड गाड्यांच्या धुराच्या तपासणीचं. गाडी कारखान्यातून नवी निघते तेव्हा तिचा धूर चांगलाच असतो, पण रस्त्यावर राबून राबून जुनी झाल्यावर तीच गाडी काय बाहेर टाकते, हे बघायला ही मंडळी वापरातले ट्रक उचलतात, त्यांच्या शेपटीला यंत्र जोडतात आणि नेहमीच्याच ड्रायव्हरला भर रस्त्यावर चालवायला लावतात. आमच्या मालकाला अशा तपासणीची चिठ्ठी आली तेव्हा सगळे ड्रायव्हर एकाएकी आजारी पडले. मी हात वर केला. मालकाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी फुकट गाडी धुवायला तयार झालो होतो.

तपासणीचं ठिकाण म्हणजे एक उंच पत्र्याची शेड. भिंतीला साखळीने बांधलेली गॅसची नळकांडी, खुंट्यांवर काळे झालेले हातमोजे, आणि डिझेलचा असा वास की मला घरी आल्यासारखंच वाटलं. मी तुझ्या वर्णनावरून एक नाक उडवणारी, फाइल छातीशी धरलेली मुलगी शोधत होतो. दिसले ते माझ्या पुढच्या ट्रकखालून बाहेर आलेले दोन बूट. बुटांमागून ती आली. कपाळावर काजळीचा पट्टा होता आणि दातांत एक पाना धरलेला होता. पाना काढून ती म्हणाली, "या मामा." मला वाटलं, हिने ओळखलं. मग लक्षात आलं, ड्रायव्हरला सगळेच मामा म्हणतात. मी अनोळखी चेहरा केला. (तो मला फार छान जमतो असं तेव्हा वाटत होतं.)

पुढचा बराच वेळ तिने माझ्या गाडीच्या सायलेन्सरला नळी जोडण्यात घालवला. सांधा जोडायचा, हात फिरवून हवा गळते का बघायचं, पुन्हा खोलायचा, पुन्हा जोडायचा. मागच्या हौद्यात काँक्रीटचे ठोकळे चढवले, कारण रिकामा ट्रक पळवला तर तपासणी कसली. आणि मग तिने एक गोष्ट केली ती मला फार आवडली, ताई. गाडीकडे वळायच्या आधी तिने नळकांड्यातला स्वच्छ वायू त्या यंत्रालाच हुंगवला. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, शून्य म्हणजे काय ते आधी यंत्राला कळायला हवं, आणि फेरी संपल्यावरही हेच पुन्हा करायचं, मधल्या वेळात यंत्र बहकलं नाही ना ते बघायला. दुसऱ्याचे दोष मोजणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. (तुझ्याबद्दल बोलत नाही.) पण मोजायच्या आधी आणि मोजून झाल्यावर स्वतःचंच माप तपासणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

ट्रक बनवणाऱ्या कंपनीचा एक साहेब पण तिथे आला होता. काळा गॉगल शेडमध्येसुद्धा काढत नव्हता. तो हळूच माझ्याजवळ सरकला आणि चढावर गिअर कधी बदलायचा, सिग्नलवरून कसं उठायचं, हे माझ्या कानात सांगू लागला. मी माना डोलावत होतो. तेवढ्यात ती ट्रकच्या पलीकडून म्हणाली, "साहेब, त्यांना काही शिकवू नका. मला नटवून आणलेली गाडी नकोय, रोजची हवी आहे." आवाज चढला नाही, कपाळावर आठी नाही. साहेबाने गॉगल काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, रोज चालवता तशी चालवा."

आता हे वाक्य ऐकायला किती सोपं आहे! पण ताई, तुला कुणी सांगितलं की रोज चालतेस तशी चाल, तर तुझे पाय एकमेकांत अडकतील की नाही? शेजारी ती मांडीवर संगणक घेऊन बसलेली, मागे साहेब, आणि मी मनात म्हणतोय की उद्या ही आपली भाचेसून झाली तर आज हिच्यापुढे शोभा व्हायला नको. झालं. मी अशी गाडी चालवली की जशी आयुष्यात कधी चालवली नव्हती. ब्रेक असा दाबला की जणू खाली झोपलेलं मूल होतं. हॉर्नला हात लावला नाही. एका टेम्पोवाल्याने मला कट मारला तर मी त्याला चक्क हात जोडले. एक हातगाडीवाला आम्हाला मागे टाकून पुढे गेला आणि वळून विचारता झाला की बंद पडलीय का, धक्का मारू का. साहेब मागे सुखाने डुलक्या घेत होता. आणि मी मात्र मनात तुला पत्र लिहीत होतो की बघ, तुझ्या भावाने काय छाप पाडली.

परत आल्यावर ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, ही फेरी बाद. मी म्हटलं, गाडी नापास? ती म्हणाली, "गाडीचं अजून काहीच कळलं नाही, मामा. आज तुम्ही बाद झालात." मग तिने समजावून सांगितलं. हल्लीच्या ट्रकला मागे धूर धुणारा एक डबा असतो. तो तापला तरच काम करतो, आणि तो तापायला इंजिनाने कष्ट करावे लागतात. मी इतकी अलगद चालवली की डबा बिचारा झोपूनच राहिला, आणि इंजिनाने पुरेसं कामच केलं नाही, म्हणून त्या मापाला अर्थ नाही. हात जोडून चालवलेल्या गाडीतून जास्त विष बाहेर पडतं, हे मला या वयात कळलं! साहेबाची झोप उडाली. तो म्हणाला, उद्या आमचा तयार ड्रायव्हर पाठवतो. मी मान खाली घातली. वाटलं, गेलं सगळं, आता तुला काय तोंड दाखवू. पण ती म्हणाली, नाही, हीच गाडी आणि हेच मामा. ताई, खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. धुरावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ठोकळे, तीच नळी, तोच सांधा पुन्हा खोलून जोडलेला. कसं चालवायचं ते मला सांगायची तिला मुभा नव्हती. आणि मी पुन्हा देवळात शिरल्यासारखा गाडीत शिरलो होतो. पहिल्या चौकातच तिला ते दिसलं असणार. तिने सहज विचारलं, मामा, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, एक मोठी ताई आहे.

पुढचं तू ओळखलंच असशील. तुझा विषय निघाला आणि माझा पाय आपोआप खाली गेला. तू माझ्या शर्टांचे रंग अजून ठरवतेस, हे मी चढावर सांगितलं. माझं लग्न ठरवताना तू मला सोडून सगळ्यांना विचारलंस, हे महामार्गावर सांगितलं. मध्ये एका टेम्पोवाल्याचा उद्धार केला (कालचाच असावा), हॉर्न वाजवला, पुन्हा विषयावर आलो. मग उतारावर मला माझा अपघात आठवला. तू माझ्या खाटेशी बसून राहिलीस, डॉक्टरांना झापलंस, मला झापलंस, भेटायला येणाऱ्यांना झापलंस, आणि मी डोळे मिटले की तोंडाला पदर लावून रडायचीस. तुला वाटायचं मी झोपलोय. हे तुला मी कधी बोललो नव्हतो. तिला सांगितलं. ती नुसती पडद्याकडे बघत होती, पण तिने एकदा नाक पुसलं. सर्दी नव्हती.

गाडी पास झाली. फार झोकात नाही, पण पास. फेरीनंतर तिने यंत्राला पुन्हा शून्य दाखवलं आणि ते बहकलं नव्हतं, तेव्हा कुठे ती हसली. साहेबाने तोंडभर अभिनंदन केलं तर म्हणाली, माझं कशाला, ट्रकने केलंय. आणि मग नळी गुंडाळता गुंडाळता मला म्हणाली, "तुमचा भाचा पण अगदी असाच हातवारे करत बोलतो. तो ट्रक चालवत नाही हे बरं आहे." तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! आपल्या चिरंजीवांच्या पोटात काही राहत नाही, त्यांनी मी येणार हे आधीच सांगून टाकलं होतं. म्हणजे इतका वेळ तिने मला मामा बनवलं, आणि तक्रार तरी कशी करणार, मी मामाच होतो.

तर माझा शब्द मागितला होतास, तो हा. या मुलीला घरात आण. ती गोड बोलणार नाही, पण तिने एखादी गोष्ट चांगली म्हटली तर ती चांगली असेल, आणि इतक्या वर्षांत असं एक तरी माणूस आपल्या घरात आलं आहे का सांग. साहेबाला घाबरली नाही, मालक फोनवर घाई करत होता त्याला घाबरली नाही. ती कुणालाच घाबरत नाही. मला तिचा फार आदर वाटला. भाच्याने आयुष्यात एक शहाणपणाची गोष्ट केली आहे, ती तू मोडू नकोस.

भावजींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
बिनकामाचा भाऊ

ता. क. – मुख्य गोष्ट राहिलीच. निघताना तिने विचारलं की तुमच्या ताईंचं काय म्हणणं आहे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की ताई केव्हाच तयार आहे, मिठाचं तर ती हसून विसरली. म्हणजे तुझा होकार परवाच देऊन झाला आहे. आता तेवढा मनाने पण दे, आणि ती भेटली तर आधीपासूनच दिलेला होता असं दाखव. नाहीतर मी खोटा पडेन.

ता. क. दुसरं – आज गाडीचा दाखला घ्यायला पुन्हा आलो, आणि हे पत्र तपासणीच्या शेडमध्येच बसून लिहिलं. डब्याबिब्याचं काही चुकू नये म्हणून तिला म्हटलं, तांत्रिक शब्द तेवढे बघ. पानं देऊन मी चहाला गेलो. चहा अर्धा झाल्यावर आठवलं की वरचा ता. क. पण त्यातच आहे. धावत आलो, पण तोवर उशीर झाला होता. खालचं अक्षर माझं नाही.

काकू, नमस्कार. मला अर्धंच तपासता येत नाही, म्हणून सगळं वाचलं. ट्रकचा भाग बरोबर आहे. माझ्याबद्दलचं बरंच वाढवून लिहिलंय, ते कमी करून वाचा. मामांनी दिलेला होकार मी धरलेला नाही. तो तुमचा तुम्हीच द्यायचा आहे, आणि नाही असेल तर तसं सांगा, मी ऐकून घेईन. एक वाक्य मात्र साफ चुकलंय. मी कुणाला घाबरत नाही असं नाही. त्या दिवशी तुमच्याकडे जेवताना माझे हात टेबलाखाली थरथरत होते. रविवारी येऊ का?